ऐकण्याच्या हक्काला कुंपण

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओ सिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार ही दोन दालने एक होऊन जिओहॉटस्टार अस्तित्वात आले. पुढच्याच महिन्यात आयपीएलचा हंगाम सुरू झाला आणि मोबाइलवर सामना पाहणाऱ्यांना बदल लगेच जाणवला. २०२३ आणि २०२४ या दोन्ही हंगामांत एकही पैसा न भरता पाहता आलेले सामने आता काही मिनिटांनी थांबत होते आणि पडद्यावर वर्गणीची मागणी येत होती. मोबाइलपुरती, जाहिरातींसह, तीन महिन्यांसाठी १४९ रुपये ही त्यातली सर्वांत स्वस्त योजना होती. मोठ्या शहरातील नोकरदाराला ही रक्कम चित्रपटाच्या एका तिकिटाहूनही कमी वाटली असेल. त्यामुळे चार दिवस कुरकुर झाली आणि विषय मागे पडला.

या कुरकुरीत एक प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. चित्रासाठी पैसे मोजणे एक वेळ मान्य केले, तरी नुसते ऐकण्याचे काय? क्रिकेटचा सामना प्रत्यक्ष पाहिलेल्यांपेक्षा तो कानांनी अनुभवलेल्यांची संख्या या देशात कित्येक वर्षे मोठी होती. यवतमाळसारख्या जिल्ह्यात तर क्रिकेटची गोडी लागली तीच मुळी रेडिओमुळे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार, आणि त्यातील दर चार माणसांमागे तीनहून अधिक ग्रामीण भागातील. कापूस वेचताना, एसटीच्या थांब्यावर, पानठेल्यावर ऐकले जाणारे समालोचन हे येथील क्रिकेटचे खरे प्रेक्षागृह होते. ते समालोचन जसजसे मनोऱ्यावरून इंटरनेटवर सरकत आहे, तसतसे ते मोकळे राहील की नाही, याचे उत्तर कायद्याऐवजी करारांवर अवलंबून राहू लागले आहे. ही गोष्ट दिसते त्याहून गंभीर आहे.

अमेरिकेत आधी घडलेले

हा प्रश्न भारतात नवा असला तरी जगात नवा नाही. अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉल संघांना जे प्रेम मिळते, त्याची आपल्याकडील तुलना क्रिकेटशीच होऊ शकते. शनिवारच्या सामन्याचे धावते वर्णन तेथील स्थानिक रेडिओ केंद्रे अनेक दशके मोफत ऐकवीत आली. पदवी घेऊन दूरच्या राज्यात नोकरीला गेलेला माजी विद्यार्थी मात्र त्या लहरींच्या टप्प्याबाहेर जाई. १९९५ मध्ये टेक्सासमधील डॅलस येथे मार्क क्यूबन आणि टॉड वॅग्नर यांनी ऑडिओनेट ही कंपनी उभी केली, ती नेमकी ही गरज ओळखून. इंडियाना विद्यापीठात शिकलेल्या या दोघांना आपल्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे सामने डॅलसमध्ये बसून ऐकायचे होते. स्थानिक रेडिओचा आवाज इंटरनेटवर चढवण्याची ही कल्पना इतकी फळली की ब्रॉडकास्ट डॉट कॉम असे नाव धारण केलेली तीच कंपनी १९९९ मध्ये याहूने ५ अब्ज ७० कोटी डॉलरला विकत घेतली.

कुंपण त्यानंतर आले. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल लीगने २००१ मध्ये इंटरनेटवरील रेडिओ समालोचनासाठी हंगामाला ९ डॉलर ९५ सेंट आकारण्यास सुरुवात केली. रेडिओ संचावर जो आवाज फुकट होता, तोच संगणकावर विकत झाला. विद्यापीठांच्या क्रीडा विभागांनीही हा मार्ग धरला आणि कालपर्यंत मोफत असलेले फुटबॉलचे समालोचन मासिक वर्गणीच्या दारामागे गेले. जुने विद्यार्थी संतापले. त्यांचे म्हणणे सरळ होते : गावात राहणाऱ्याला जे मोफत, ते गाव सोडलेल्याला विकत का? पुढील काळात मात्र अनेक विद्यापीठांचे ध्वनिप्रसारण जाहिरातींच्या आधारावर पुन्हा मोफत ॲपवर आले. आवाजाला वर्गणी लावून मिळणाऱ्या पैशापेक्षा श्रोत्यांची संख्या राखण्यात अधिक हित आहे, हे बाजारालाही उमगले असावे.

या अनुभवातून दोन धडे निघतात. एक म्हणजे, चित्र आणि आवाज यांचे अर्थकारण वेगळे आहे. दुसरा असा की, मनोऱ्यावरचा श्रोता आणि तारेवरचा श्रोता यांच्यात भेद एकदा केला, की सर्वांत जास्त नुकसान होते ते केंद्रापासून दूर असलेल्या माणसाचे. अमेरिकेत तो गाव सोडून गेलेला पदवीधर होता. आपल्याकडे तो महागाव, झरी जामणी किंवा उमरखेडचा शेतकरी आहे. आणि पुण्याच्या कारखान्यात किंवा मुंबईच्या बांधकामावर गेलेला त्याचा मुलगाही.

परवान्यापासून वर्गणीपर्यंत

रेडिओ पूर्वी अगदीच फुकट होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. घरात रेडिओ ठेवायचा तर सरकारी परवाना लागे आणि दरवर्षी टपाल कार्यालयात जाऊन त्याचे शुल्क भरावे लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यास ही पद्धत संपली. पण ते शुल्क आणि आजची वर्गणी यांत मूलभूत अंतर आहे. परवाना संचाचा असे, ऐकणाऱ्याचा नव्हे. एका घराने शुल्क भरले की ओसरीवर जमलेली सारी आळी सामना ऐके आणि त्यात कोणाला गैर वाटत नसे. मोबाइलवरील वर्गणी खात्याला बांधलेली असते आणि खाते एका माणसाला. सामूहिक श्रवणाची जागा वैयक्तिक ग्राहकत्वाने घेतली, हा बदल रकमेपेक्षा मोठा आहे.

भारतात क्रिकेटच्या रेडिओ समालोचनाची परंपरा १९३० च्या दशकातील मुंबईच्या सामन्यांपर्यंत मागे जाते. बॉबी तल्यारखान यांचा आवाज त्या काळात घरोघरी पोहोचला. पुढे इंग्रजीच्या जोडीला हिंदी आली, आणि महाराष्ट्रातील सामन्यांसाठी मराठीही. बाळ ज. पंडित यांनी मराठी समालोचनाला स्वतःची शैली दिली, वि. वि. करमरकर यांनी वृत्तपत्रातील क्रीडा पानाप्रमाणेच ध्वनिक्षेपकावरही मराठीचा आग्रह धरला. मैदानावरील इंग्रजी परिभाषेला मराठी प्रतिशब्द सुचवणे, ते श्रोत्याच्या तोंडी बसवणे, हे काम या मंडळींनी केले. फलंदाज, गोलंदाज, यष्टीरक्षक, षटक, धावबाद हे शब्द आज कोणालाही परके वाटत नाहीत. त्यामागे वृत्तपत्रांइतकाच आकाशवाणीचाही वाटा आहे. म्हणजे मोफत समालोचनाने करमणुकीबरोबर भाषाही घडवली.

या सेवेची गुणवत्ता नेहमीच उत्तम होती, असेही नाही. समालोचक चेंडूमागे पडत, मैदानावर काय चालले आहे ते सांगण्याऐवजी जुन्या आठवणींत रमत, ऐन रंगात आलेल्या सामन्यात बातम्यांसाठी खंड पडे. परंतु जे होते ते सर्वांसाठी सारखे होते. मुंबईच्या मलबार हिलवर आणि मारेगावच्या शेतात एकाच क्षणी एकच वाक्य ऐकू येई.

लहरी जनतेच्या

१९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत क्रिकेटचे प्रक्षेपण हक्क मोठ्या रकमेला विकता येतात, ही कल्पनाच आपल्याकडे रुजली नव्हती. १९९३ च्या हिरो कप स्पर्धेच्या वेळी बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले आणि त्यावरून सरकारशी संघर्ष पेटला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात दिलेला निकाल भारतीय प्रसारणाच्या इतिहासातील मैलाचा दगड ठरला. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने सांगितले, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे. माहिती देण्याचा आणि ती मिळवण्याचा हक्क हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचेही न्यायालयाने मान्य केले. सरकारची मक्तेदारी त्या निकालाने मोडली. पण सरकारी मक्तेदारी जाऊन तिच्या जागी खासगी मक्तेदारी यावी, असे न्यायालयाला अभिप्रेत नव्हते.

बारा वर्षांनी या प्रश्नाची झळ विदर्भाला थेट बसली. जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला होता. मालिकेतील पहिला एकदिवसीय सामना २१ जानेवारीला नागपुरात झाला. हक्क निम्बस या कंपनीकडे होते आणि दूरदर्शनला थेट प्रक्षेपणाचा संकेत देण्यास तिचा नकार होता. यवतमाळहून अवघ्या काही तासांच्या अंतरावर भारतीय संघ खेळत असताना केवळ दूरदर्शनचा अँटेना असलेल्या घरांत तो सामना थेट दिसला नाही. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि पुढील सामने सात मिनिटांच्या विलंबाने दाखवण्याची तडजोड निघाली. थेट क्रिकेटला सात मिनिटांचा उशीर म्हणजे काय, हे शेजारच्या केबलवाल्या घरातून आधी येणाऱ्या आरोळ्यांनी सर्वांना कळले.

त्या वादातून फेब्रुवारी २००७ मध्ये अध्यादेश आणि लगोलग कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचा थेट संकेत हक्कधारकाने प्रसार भारतीला दिलाच पाहिजे, असे हा कायदा सांगतो. दूरचित्रवाणीच्या जाहिरात उत्पन्नातील किमान ७५ टक्के वाटा हक्कधारकाचा आणि २५ टक्के प्रसार भारतीचा, तर रेडिओच्या बाबतीत निम्मा-निम्मा, अशी वाटणीही त्यात आहे. रेडिओ समालोचनाचा कायद्यात स्वतंत्र उल्लेख व्हावा, ही गोष्ट महत्त्वाची. संसदेला श्रोत्याची आठवण होती.

कायदा थांबतो कोठे?

पण याच कायद्यात आजच्या अडचणीचे मूळ आहे. प्रसार भारतीला मिळणारा संकेत कशासाठी, तर तिच्या स्वतःच्या भूस्थित मनोऱ्यांवरून आणि डीटीएच सेवेवरून पुन्हा प्रसारित करण्यासाठी. २००७ मध्ये यापलीकडे पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही. मोबाइलवर सामना ऐकता वा पाहता येईल इतका वेग तेव्हा शहरांतही नव्हता. त्यामुळे मनोरा आणि छत्री या दोन शब्दांपाशी कायदा थांबला. इंटरनेट त्यात नाही. आकाशवाणीचे ॲप आहे, तिच्या वाहिन्या इंटरनेटवर ऐकता येतात, हे खरे. परंतु एखाद्या सामन्याचे समालोचन त्या वाटेने ऐकवायचे असेल, तर या कायद्याच्या शब्दांचा आधार मिळत नाही. ते हक्कधारकाशी होणाऱ्या करारावर अवलंबून राहते.

न्यायालयानेही या कायद्याचा अर्थ व्यापक करण्यास नकार दिला आहे. २२ ऑगस्ट २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रसार भारतीला मिळालेला संकेत खासगी केबल चालकांच्या जाळ्यावरून दाखवता येणार नाही. कायदा मनोरे आणि दूरदर्शनची स्वतःची डीटीएच सेवा यांपुरताच आहे. केबललाच जर जागा नाही, तर इंटरनेटला ती आपोआप मिळेल असे मानता येत नाही. या निकालानंतर २०१८ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीचा मसुदा मांडला, पण तो कायद्यात उतरला नाही.

उलट एका बाबतीत न्यायालयाने श्रोत्याच्या बाजूने पाऊल टाकले होते. मोबाइल संदेशाद्वारे धावसंख्या कळवणाऱ्या सेवांवर हक्कधारकाने दावा लावला, तेव्हा मार्च २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी पंधरा मिनिटांच्या विलंबाची अट घातली. ऑगस्ट २०१३ मध्ये खंडपीठाने ती उलटवली. कोणी किती धावा केल्या ही वस्तुस्थिती आहे आणि वस्तुस्थितीवर कोणाची मालकी असू शकत नाही, असे त्या खंडपीठाचे मत होते. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला. पण त्यातील प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. धावसंख्या जर कोणाची मालमत्ता नसेल, तर ती कशी झाली हे शब्दांत सांगणाऱ्या वर्णनावर किती कडेकोट पहारा असावा?

पैशाची बाजू

हक्कधारकांची बाजू ऐकल्याशिवाय हा विचार पुरा होणार नाही. २०२२ च्या लिलावात आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांसाठी ४८ हजार ३९० कोटी रुपये मोजले गेले. त्यातील भारतापुरते दूरचित्रवाणीचे हक्क २३ हजार ५७५ कोटींना, तर डिजिटल हक्कांचा मुख्य संच २० हजार ५०० कोटींना गेला. भारतीय संघाच्या मायदेशातील ८८ आंतरराष्ट्रीय सामन्यांचे २०२३ ते २०२८ या काळातील हक्क ५ हजार ९६३ कोटी रुपयांना विकले गेले, म्हणजे एका सामन्याला सरासरी ६७ कोटींहून अधिक. इतकी रक्कम ओतणारी कंपनी ती वसूल करणारच. शिवाय याच पैशातून राज्य संघटनांना अनुदान मिळते, रणजीपटूंचे मानधन वाढते, मैदाने उभी राहतात. नागपूरजवळ जामठ्याचे भव्य मैदान उभे राहिले आणि विदर्भाचा संघ घडला, त्यामागे भारतीय क्रिकेटच्या या श्रीमंतीचा आधार आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

हा युक्तिवाद वजनदार आहे. पण तो चित्राला लागू पडतो, आवाजाला नाही. लिलावातील हजारो कोटींची बोली ही पडद्यावर दिसणाऱ्या सामन्यासाठी आणि त्या पडद्यावरील जाहिरातींसाठी असते. रेडिओ समालोचन मोफत आहे म्हणून कोणी दूरचित्रवाणी संच बंद केला, असे उदाहरण शोधून सापडणार नाही. जो पाहू शकतो तो पाहतोच. ऐकतो तो बैलगाडीवर, ट्रकच्या केबिनमध्ये, दुकानाच्या गल्ल्यावर किंवा अंधत्वामुळे ज्याला दुसरा मार्गच नाही तो. आवाज मोकळा ठेवल्याने चित्राचा ग्राहक कमी होत नाही. उलट उद्याचा ग्राहक तयार होतो. मग आवाजाचे हक्क चित्राच्या गाठोड्यात बांधून ठेवण्याने कोणाचे भले होते?

वर्गणीची रक्कम लहान आहे, या म्हणण्यातही अर्धेच सत्य आहे. शौकिनाला एकाच ॲपवर थांबता येत नाही. २०२२ मध्ये भारतीय संघ वेस्ट इंडिजला गेला तेव्हा मोबाइलवर फॅनकोड, त्याच वर्षी न्यूझीलंडला गेला तेव्हा ॲमेझॉन प्राइम, २०२५ चा आशिया चषक सोनी लिव्हवर आणि आयपीएल जिओहॉटस्टारवर. एकच संघ, पण त्याचा पाठलाग करायचा तर दर दौऱ्याला दार वेगळे आणि किल्लीही वेगळी. डिजिटल व्यवहार खेड्यांतही रुळले असले, तरी तीन-चार ठिकाणी खाती उघडून हंगामापुरते पैसे भरण्याची सवय शेतमजुराला लागेल, असे गृहीत धरणे धाडसाचे आहे.

मनोऱ्याची मर्यादा

यावर कोणी म्हणेल, की मनोरे आहेतच. ज्याला मोफत ऐकायचे त्याने रेडिओ लावावा. यवतमाळ शहरात आकाशवाणीचे एफएम केंद्र आहे, हे खरे. पण एफएमच्या लहरी मध्यम लहरींसारख्या दूरवर पसरत नाहीत. डोंगर आडवा आला की क्षीण होतात. यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. एका टोकाला वणी, दुसऱ्या टोकाला पुसद आणि उमरखेड. एका शहरातील एका मनोऱ्यावर एवढ्या मोठ्या, उंचसखल मुलखाचा भार टाकता येत नाही.

दुसरीकडे रेडिओ संच घरांतून हळूहळू नाहीसा होत आहे. आवाज ऐकण्याचे साधन म्हणजे मोबाइल, हे समीकरण खेड्यांतही पक्के झाले आहे. त्या मोबाइलमध्येही एफएमची सोय असेलच असे नाही. काही उत्पादक ती देत नाहीत, काही असलेली बंद ठेवतात. ही प्रवृत्ती इतकी वाढली की एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान खात्याला उत्पादकांना लेखी सूचना द्यावी लागली, की मोबाइलमधील एफएमची सोय बंद करू नये. सूचनेला सक्तीचे बळ नसते. परिणामी मनोऱ्यावर आवाज आहे, पण तो पकडणारे यंत्र हातात नाही. हातात यंत्र आहे, पण त्यावर येणाऱ्या आवाजाला कायद्याचे संरक्षण नाही.

तांत्रिक खर्चाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. बऱ्यापैकी स्पष्ट ध्वनिप्रसारणाला सेकंदाला ६४ किलोबिट पुरतात. म्हणजे तासाला सुमारे २९ मेगाबाइट आणि सात तासांच्या एकदिवसीय सामन्याला जेमतेम दोनशे मेगाबाइट. याच सामन्याचे चित्र पाहायचे तर त्याच्या कितीतरी पट डेटा लागतो. दिवसाचा ठरावीक डेटा संपला की वेग मंदावणाऱ्या स्वस्त योजनांवर जगणाऱ्या ग्राहकासाठी आवाज हाच परवडणारा मार्ग आहे. इंटरनेटवर श्रोता वाढला की सेवा देणाऱ्याचा खर्च वाढतो, मनोऱ्यावर तो वाढत नाही, हा फरक आहेच. पण आवाजासाठी तो खर्च इतका अल्प आहे, की जाहिरातींतून तो सहज भागावा.

न विकल्या जाणाऱ्या सामन्यांचे काय?

आतापर्यंतची चर्चा भारतीय संघाच्या सामन्यांची झाली, कारण राष्ट्रीय महत्त्वाच्या यादीत तेच येतात. आयपीएल त्या यादीत नाही. यवतमाळच्या दृष्टीने खरी उपेक्षा मात्र त्याखालच्या पायरीवर आहे. विदर्भाने १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरमध्ये दिल्लीला हरवून प्रथमच रणजी करंडक जिंकला. पुढच्या हंगामात नागपुरात सौराष्ट्राविरुद्ध तो राखला. मार्च २०२५ मध्ये जामठ्यावरच केरळविरुद्धच्या पहिल्या डावातील आघाडीवर तिसऱ्यांदा तो मिळवला. एकेकाळी ज्या संघाला कोणी खिजगणतीत धरत नव्हते, त्याची ही वाटचाल. या संघातून खेळलेला अक्षय कर्णेवार हा यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याचा. दोन्ही हातांनी फिरकी टाकणाऱ्या या गोलंदाजाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध चार षटके टाकली, दोन बळी घेतले आणि एकही धाव दिली नाही. वीस षटकांच्या क्रिकेटमधील ही कामगिरी विरळा आहे. आपल्याच तालुक्यातील मुलाची अशी चार षटके चेंडूगणिक ऐकण्याची सोय पांढरकवड्याच्या चौकात असावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येईल का?

असे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये बीसीसीआय आणि आकाशवाणी यांच्यात दोन वर्षांचा करार झाला. त्यात आंतरराष्ट्रीय सामन्यांबरोबर रणजी करंडकासारख्या देशांतर्गत स्पर्धांचाही समावेश होता. दिशा योग्य होती. पण करार आणि कायदा यांत फरक हाच, की कराराला मुदत असते. मुदत संपली की श्रोता पुन्हा वाटाघाटींच्या दारात उभा.

महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय खेळांची स्थिती याहून दुबळी. यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाशी, म्हणजे आजच्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेली आहेत. कबड्डी, खो-खो, फुटबॉल, क्रिकेटच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा दरवर्षी होतात. त्यांचे हक्क विकत घ्यायला कोणी येत नाही, म्हणून त्यांचा आवाजही कोठे उमटत नाही. अमेरिकेत विद्यापीठाच्या सामन्याला वर्गणी लावली म्हणून लोक चिडले. आपल्याकडे तो ऐकायला मिळतच नाही, म्हणून चिडायलाही कोणी उरलेले नाही.

यासाठी नव्या परवानगीचीही गरज नाही, हे विशेष. २०११ च्या एफएम धोरणाने खासगी केंद्रांना मोठ्या स्पर्धांचे थेट समालोचन मना केले, पण स्थानिक स्वरूपाच्या सामन्यांचे समालोचन करण्यास मुभा ठेवली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली. त्या यादीत वर्धा आणि चंद्रपूरबरोबर यवतमाळचेही नाव आहे. शैक्षणिक संस्थांना २००२ पासून आणि स्वयंसेवी संस्थांना २००६ पासून सामुदायिक रेडिओ चालवता येतो. नियम आहेत, तंत्र स्वस्त आहे, शिकाऊ समालोचक प्रत्येक महाविद्यालयात सापडतील. कमतरता आहे ती अशा प्रसारणाला मोल देण्याच्या इच्छेची.

करण्याजोगे

२००७ च्या कायद्यात मोठी उलथापालथ न करताही श्रोत्याचा हक्क राखता येईल. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे ध्वनिसमालोचन प्रसार भारतीला स्वतःच्या संकेतस्थळावर आणि ॲपवरही देता येईल, एवढी एक ओळ त्यात घातली तरी पुरे. चित्राचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे, त्यात हजारो कोटी अडकले आहेत. तो वेगळा ठेवावा. आवाजावर इतके काही पणाला लागलेले नाही. रेडिओच्या जाहिरात उत्पन्नाची निम्मी-निम्मी वाटणी कायद्यात आधीच आहे, तीच इंटरनेटच्या आवाजाला लावता येईल. म्हणजे हक्कधारकाचाही वाटा बुडणार नाही.

प्रसार भारतीनेही स्वतःचे घर सावरले पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने वेव्हज हे स्वतःचे ॲप सुरू केले. साधन हाती आले. आता त्यावर ऐकण्याजोगे काही हवे. मैदानावरील नेमके, ताजे वर्णन, आणि तेही मराठीत. खासगी ॲपने २०२३ मध्ये मराठी समालोचन सुरू केले, कारण त्याला मराठी ग्राहकाची किंमत कळली. ज्या संस्थेने मराठी समालोचन जन्माला घातले, तिला मराठी श्रोत्याची किंमत कळू नये, हे शोभादायक नाही. विदर्भ क्रिकेट संघटनेला आणि विद्यापीठालाही आपापल्या सामन्यांचा आवाज आकाशवाणीच्या नागपूर, यवतमाळ केंद्रांमार्फत मोकळा करता येईल. त्यासाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही.

१९९५ मध्ये न्यायालयाने लहरींची मालकी जनतेकडे सोपवली. त्यानंतरच्या तीन दशकांत आवाज लहरींवरून तारांवर उतरला आणि ती मालकी मागे राहिली. हे कोणी ठरवून केलेले नाही. म्हणूनच ते दुरुस्त करणे अवघड नसावे. मात्र करार होत राहतील, किमती ठरत राहतील आणि श्रोत्याला विचारण्याची वेळ निघून जाईल, तर पुढच्या पिढीला रेडिओवरचे समालोचन हे आजोबांच्या गप्पांतूनच कळेल. श्रोत्याच्या बाजूने कायद्यात एक ओळ लिहून घेण्याचे काम खासदारांचे आहे. त्यांना त्याची आठवण करून देण्याचे काम, यवतमाळपासून मुंबईपर्यंत, ऐकणाऱ्यांचे आहे.